पॉलिश पेपरवर घासलेली गोळी

२ जून

ती. आई यांस,

वाकून नमस्कार करायला आता पोट आडवं येतं, तेव्हा उभ्या उभ्याच करते. गोड मानून घ्या.

फोन तुम्ही उचलत नाही. मावशींच्या फोनवर केला तर त्या म्हणतात, "ताई अंघोळीला गेलीय." कधीही करा, ताई अंघोळीला. इतकी स्वच्छ बाई मी जन्मात पाहिली नाही! म्हणून शेवटी कागद घेतला. फोन कट करता येतो, कागद फार तर फाडाल. पण मी ओळखते ना तुम्हाला. फ्रेमच्या दुकानात जन्म काढलेली बाई कागद फाडत नाही.

आधी तब्येत. मी बरी आहे, बाळ बरं आहे. डॉक्टरीणबाईंनी काल ठोके ऐकवले. तुमच्या मुलाचे डोळे भरून आले आणि वर मला म्हणतो, भुसा गेला. दवाखान्यात कुठला आलाय लाकडाचा भुसा?

आता मुद्द्याचं. त्या दिवशीचं मला तुटक तुटक आठवतं. सकाळपासून उलट्या चालल्या होत्या, गोळ्या पोटात टिकतच नव्हत्या. काचा उभ्या ठेवायच्या घोडीला टेकून मी खाली बसले आणि मग उठताच येईना. तुमचा मुलगा पाणी आणायला धावला आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन आला. तुम्ही त्याला अशी काही शिवी हासडलीत की तेवढ्यातही मला वाटलं, अरे, आईंना हे पण येतं! मग तुम्ही माझी अडीनडीच्या इंजेक्शनची पेटी उघडलीत, बाटलीतल्या पावडरीत पाणी घालून हलवलंत आणि कपड्यावरूनच सुई मांडीत घातलीत. हात जराही हलला नाही. काच कापताना जसा असतो तसाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते इंजेक्शन तिथल्या तिथे मिळालं नसतं तर मी आणि बाळ, दोघंही हाती लागलो नसतो.

हे सगळ्यात आधी लिहायचं होतं. आपल्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही, मानले तर समोरचा म्हणतो, "बरं वाटत नाहीये का?" तरी मी मानते. मी श्वास घेतेय, पोटातलं पिल्लू लाथा मारतंय, ते तुमच्यामुळे.

आणि हो, आजारी पडले तेही तुमच्यामुळेच. ते काही मी विसरलेले नाही. त्यावर भांडायचं आहे, पण भांडायला समोर माणूस लागतं.

तुमची सून

१९ जून

ती. आई,

उत्तर नाही. ठीक आहे. मावशींना मी फितवलंय. त्या सांगतात, तुम्ही पत्र दोनदा वाचलंत आणि उशीखाली ठेवलंत. म्हणजे पत्र आवडलंय, फक्त पाठवणारीला कळू द्यायचं नाही. असू दे.

आज भांडते.

माझ्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर ज्या दोन ग्रंथी असतात, त्या काम करत नाहीत. जे कॉर्टिसॉल बाकीच्यांच्या अंगात आपोआप बनतं, ते मला गोळीतून घ्यावं लागतं, रोज, जन्मभर. हे मी लग्न ठरायच्या आधीच तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? "असू दे गं. तुझं गोळीने भरून निघतं तरी. माझ्या लेकाची अक्कल कुठल्या दुकानात मिळते का बघ." मी तेव्हाच ठरवलं, याच घरात जायचं.

दिवस राहिले आणि सकाळी डोकं उचललं की मळमळायला लागलं. म्हणून उठायच्या आधीच तुम्ही दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवायचात आणि मी डोळेही न उघडता गिळायचे. मला किती बरं वाटायचं ते! माझ्या आईनेसुद्धा माझे असे लाड केले नव्हते.

आणि त्या दोनातली एक तुम्ही बदललीत. कॅल्शियमची मोठी गोळी घेऊन, मापाने कापून, पॉलिश पेपरवर घासून, कडा गोल करून, मधली रेघसुद्धा पात्याने ओढून! दवाखान्यात तुम्ही पदराच्या गाठीतल्या डबीतून ती काढून टेबलावर ठेवलीत तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खऱ्या गोळीशेजारी ठेवून चष्मा लावून पाहिली. राग तर असा आला होता की काय सांगू. पण खोटं कशाला बोलू, आई, राग येता येताच मनात आलं, काय काम केलंय बाईने!

अहो, विचारायचं ना मला! ती लग्नाचा फोटो फ्रेम करायला आलेली बाई बोलून गेली, "पोटुशी असून स्टेरॉइड घेते?" आणि जाताना फ्रेमबरोबर तुमची झोपही घेऊन गेली. मला चक्कर यायची, वजन उतरत होतं, मी मिठाच्या बरणीत बोट घालून चाटत होते, आणि सगळे म्हणत होते, डोहाळे! मीही म्हणत होते. मग पोट बिघडल्याचं निमित्त झालं आणि अंगात काही शिल्लकच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं, तेच तुम्हाला सांगते. हे वरचं औषध नाही. अंगात जे असायलाच हवं आणि नाही, तेवढंच आपण भरतो. आणि बाळापर्यंत ते जाता जाता पोटातली नाळेची वारच त्याचा बराचसा जोर काढून घेते. उलट मला कमी पडलं तर बाळाचे हाल. शेवटच्या तीन महिन्यांत तर डोस वाढवावा लागणार आहे. हे वाचून तुम्ही पत्र खाली ठेवायला निघाला असाल. ठेवू नका, पुढचं वाचा.

तुम्ही कबूल केलंत. कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाई नुसत्या म्हणाल्या, "एवढं कमी कसं पडलं?" आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "मी पाडलं." त्यामुळे त्यांना काय करायचं ते लगेच कळलं. तुम्ही गप्प बसला असतात तर कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता, आणि मी अजून शोधत बसले असते.

त्यावर तुमचा मुलगा जे बोलला ते बोलायला नको होतं. "माझ्या बायकोला मारायला निघाली होतीस, पुन्हा घरात पाऊल टाकू नकोस." मी सलाईन लावून पडले होते, पण कान उघडे होते. तुम्ही पिशवी उचललीत आणि मावशींकडे निघून गेलात. तेव्हापासून घरात तुमचा विषय निघाला की हा उठून बाहेर जातो. दुकानात तुमचं स्टूल त्याने माळ्यावर टाकलं होतं, मी खाली काढून घेतलं. आता त्यावर मी बसते आणि तो माझ्याकडे न बघता पट्ट्या कापतो.

मला बाळंतपणाच्या आधी तुम्ही घरी हव्या आहात. झालं, सांगितलं. याच्याहून सरळ मला सांगता येत नाही.

तुमची भांडून दमलेली सून

२३ जुलै

ती. आई,

आज भांडण नाही.

मावशी काल बाजारात जायच्या निमित्ताने बाहेर येऊन माझ्याशी फोनवर बोलल्या. त्यांना रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं. म्हटलं, इतक्या हुशार बाईला एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर असं कसं काही सुचेनासं झालं?

त्यांनी मला तुमच्या पहिल्या मुलीबद्दल सांगितलं. तुमच्या मुलाच्या आधीची. घरी आलीच नाही ती. आणि तुम्ही त्या दिवसांत कसल्याशा गोळ्या घेत होतात म्हणून कोणीतरी मोठ्या माणसाने तुमच्या तोंडावर म्हटलं, "तूच खाल्लंस तिला." मावशी म्हणाल्या, त्यानंतर साधं डोकं दुखलं तरी तुम्ही गोळी घेतली नाहीत.

आई, मी फोन ठेवला आणि दुकानात जाऊन उगाच काचा पुसत बसले. तुमचा मुलगा म्हणाला, "पुसलेल्या आहेत त्या." मी म्हटलं, "तुझं काम बघ."

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. नाव घेतलं नाही, ओळखीतली एक बाई म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांपूर्वीचं नेमकं कोणालाच सांगता येणार नाही. पण तेव्हा अशी बाळं किती तरी कारणांनी जायची, आणि ज्यांना कारण सापडत नसे ते आईवर ढकलून मोकळे होत. त्यांनी असंही म्हटलं की त्या बाईंना माझ्याकडे घेऊन या, मला बोलायचंय. त्या बाई कोण ते त्यांनी ओळखलंय असं मला वाटतं.

त्या गोळ्या घासताना तुमच्या मनात काय चाललं असेल ते आता मला कळतं. तुम्ही माझ्या पोरीला वाचवत होतात. मुलगीच असणार, मला पक्कं वाटतंय. चुकीच्या रस्त्याने गेलात, पण निघाला होतात तिच्याचसाठी.

हे तुमच्या मुलाला माहीत नाही, असं मावशी म्हणतात. मी सांगितलं तर तो आज रडत तुमच्या दारात येईल. अगदी ओठांवर येतं. पण सांगणार नाही. ती गोष्ट तुमची आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटलं तर, तुम्ही सांगा.

डोस वाढला आहे. सकाळी गजर लावून माझी मीच घेते. तळहातावर ठेवून बघते, दोन्ही सारख्या. तुमच्यापुढे कारखान्याचं काम जरा ओबडधोबडच वाटतं बघा.

तुमची सून

३० ऑगस्ट

ती. आई,

मावशींच्या हाती पाठवलेलं लोकरीचं पांघरूण पोचलं. चिठ्ठी नाही, नाव नाही, पण चारही कोपरे काटकोनात. असं विणणारी जगात एकच बाई आहे. तुमच्या मुलाने ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं आणि कपाटात ठेवलं. फेकलं नाही. मी श्वास रोखून बसले होते.

मग हिंमत करून विचारलं, "आईंना बोलावू या?"

"नाही."

"अरे, मला काही झालं तर सुई कोण टोचणार? तू?"

"हो, मी."

आता काय सांगू तुम्हाला! दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला उशीवर शिकवलं. मोजमापात हा पक्का, म्हणून तर दुकानात याला सगळे फुटपट्टी म्हणतात. पट्टी कापताना केसभर चुकणार नाही. पण सुई उशीत जाताना बघितली आणि फुटपट्टी आडवी! उशीला काही झालं नाही, यालाच सरबत पाजावं लागलं. नर्सबाई मला म्हणाल्या, "घरात आणखी कोणी नाही का?" मी म्हटलं, आहेत, रुसून बसल्यात.

उठून बसल्यावर तो मला म्हणाला, "हसू नकोस. मी शिकेन." आणि खरंच, रोज दुकान बंद केल्यावर उशी घेऊन बसतो. घामाघूम होतो, पण बसतो. चिडका आहे, हट्टी आहे, पण माणूस सोन्यासारखा घडवलाय तुम्ही. त्याचेही आभार तुमच्याच नावावर मांडते.

मला भीती वाटते, आई. हे इतर कोणाला सांगत नाही. कळा म्हणजे अंगावर केवढा ताण, आणि ताण आला की बाकीच्या बायकांचं शरीर आपोआप जास्तीचं कॉर्टिसॉल सोडतं. माझं सोडणार नाही. ते बाहेरून, वेळेवर, कोणीतरी लक्षात ठेवून द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ठरवून ठेवलंय, माझ्या हातात आजाराचं नाव कोरलेलं कडंही घातलंय, तरी मला कोणीतरी माझं माणूस उशाशी हवं आहे जे ओरडून सांगेल. तुमच्यासारखं शिवी देऊन सांगितलं तर फारच उत्तम.

या ना.

तुमची सून

४ ऑक्टोबर

ती. आजी,

हो, आजी! मुलगी झाली. मावशींनी सांगितलंच असेल, पण माझ्याकडून ऐका. रंग तुमच्या मुलाचा, नाक कोणाचं ते अजून ठरायचंय, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याचा. आम्ही तिला भोंगाच म्हणतो.

सगळं सुरळीत झालं. कळा सुरू झाल्याबरोबर इंजेक्शन दिलं, मग सलाईनमधून औषध चालू ठेवलं. ड्युटी बदलली, नव्या नर्सबाई आल्या, त्यांनी कडं वाचलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "माहितीये मला, मी बघते." मी त्यांचा हात धरून ठेवला. त्यांनीही सोडवून घेतला नाही, दुसऱ्या हाताने काम करत राहिल्या. त्यांचं नावही मला माहीत नाही. अशा किती माणसांनी मला तोलून धरलं, आई! मला येताजाता रडूच येतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळंतपणानंतर येतं तसं. मी म्हणते, येऊ दे, चांगलं रडू आहे हे.

भोंग्याची साखर तपासली, बाकी सगळं तपासलं. ठणठणीत. आधी दोन दिवस मला दुप्पट गोळ्या होत्या, आता हळूहळू पहिल्या मापावर आणतायत. अंगावर पाजायलाही हरकत नाही म्हणाल्या, बिनधास्त पाजा. तुमच्या मनात तेच पहिलं आलं असणार, म्हणून लिहिलं.

तुम्ही आला नाहीत. दार उघडलं की मी बघायची. रागावले नाही, नुसतं सांगते.

पण एक कळलं. गेटवरचा रखवालदार तुमच्या मुलाला म्हणाला, "तुमच्याकडच्या एक बाई दोन दिवस बाकावर बसून होत्या, मुलगी झाल्याचं कळलं तशा उठून गेल्या." तो मला सांगताना म्हणाला, "असेल कोणीतरी." आणि मग बराच वेळ खिडकीतून त्या बाकाकडे बघत उभा राहिला.

तुमच्या नातीची आई

९ नोव्हेंबर

ती. आई,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या. खाली हॉर्न वाजतोय.

परवा माझी छाती दगडासारखी झाली, दुधाच्या गाठी झाल्या आणि ताप फणफणला. ताप आला की गोळ्या दुप्पट, ते मी केलं. पण दुपारी उलट्या सुरू झाल्या. हात गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी. मी याला म्हटलं, "पेटी." भोंगा पाळण्यात टाहो फोडत होती.

चक्कर आली नाही त्याला. अँब्युलन्सला फोन केला, पेटी उघडली, सुई भरली आणि मांडीत टोचली. अगदी नीट, उशीवर शिकला होता तशी. मला इतकं कौतुक वाटलं! आणि मग मला अंथरुणावर पडलेली ती छोटी बाटली दिसली. पावडर जशीच्या तशी आत. याने नुसतं पाणी भरून मला टोचलं होतं.

बोलायची ताकद नव्हती. बोट दाखवलं. त्याने बाटलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा, आई, तसा चेहरा मी एकदाच बघितलाय, दवाखान्यात डबी टेबलावर ठेवताना तुमचा. पण थांबला नाही. दुसरी पेटी काढली, पावडर मिसळली, हलवली, उजेडात धरून बघितली आणि पुन्हा टोचली. अँब्युलन्स आली तोवर माझ्या जिवात जीव आला होता. एक दिवस ठेवून घेतलं, काल घरी आले. आता ताप नाही.

काल आल्यापासून तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होता. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाला, "मी तुला पाणी टोचलं. नुसतं पाणी."

"मग औषधही टोचलंस की."

"तू बघितलं नसतंस तर? मारलं असतं मी तुला."

"तुला मला मारायचं होतं का?"

त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. मग म्हणाला, "आईला मी काय काय बोललो गं."

आज सकाळी दाढी केली, दुकानावर बंदची पाटी लावली आणि गाडीची किल्ली घेतली. मी विचारलं, "आणि त्या नाहीच म्हणाल्या तर?" म्हणाला, "मग बसेन तिथेच. मावशीच्या सोफ्यावर माझा पाय बाहेर येतो, पण झोपेन." मी म्हटलं, थांब, पाच मिनिटं, पत्र देते. तेव्हापासून हॉर्न वाजवतोय.

पाकीट चिकटवून त्याच्या खिशात घालतेय. आधी त्याच्या तोंडाकडे बघा, मग हे वाचा. तुमच्या त्या पहिल्या लेकीबद्दल मी त्याला काही सांगितलेलं नाही. आत्ता जिन्यात त्याला हाक मारून सांगावं असं वाटलं होतं. नाही सांगितलं. तुम्ही तसं का केलंत ते त्याला आजही माहीत नाही, तरी तो निघालाय. कारण न विचारता तुम्हाला न्यायला आलाय, आई. तुम्हीही काही कारणं न सांगता गाडीत बसा.

तुमची सून